वळणावरचा जयदेव

अंबरनाथ
फेब्रुवारी १९५७

प्रिय सुनेत्रा,

तुझ्या पत्राचं उत्तर फार लांबलं, रागावू नकोस. प्रकृतीचं काही नाही. गुडघे अजून धरलेले आहेत, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण ऑफिसला जातो. माई ठीक आहे. तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करायचे म्हणून खारका आणून ठेवल्या आहेत. उत्तर लिहायला दोनतीनदा बसलो, पण एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येईना. तीच आज सांगतो. हे पत्र जावईबापूंना दाखवलंस तरी चालेल, पण माईला लिहिशील तेव्हा यातलं काही लिहू नकोस.

आपल्या कारखान्याच्या क्रीडा मंडळाची सायकल सहल यंदा होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. गेल्या वर्षी आपल्या जयदेवचं जे झालं त्यानंतर कुणी तो विषय काढत नव्हतं. पण डिसेंबरात मंडळाचा सेक्रेटरी श्रीपाद घरी आला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "आण्णा, पोरांना जायचंय. पुण्यापर्यंत नाही, खंडाळ्यापर्यंतच. जयदेवच्या नावानं काढावी म्हणतात. तुम्ही नको म्हणालात तर नाही काढणार." मी म्हणालो, "काढा. आणि माझं नाव घाला." तो हसला. त्याला वाटलं, झेंडा दाखवायला येतो म्हणतोय. मी चालवणार आहे हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पन्नाशीला आलेला माणूस, घर ते ऑफिस एवढीच ज्याची सायकल, तो बोरघाट चढणार!

मी जयदेवची सायकल घेणार हे कळल्यावर माई उठून आत गेली. तू ती पाहिली नाहीस. घाटातून ट्रकमधून आणली तेव्हा पुढचं चाक पार मुडपलेलं होतं. तेव्हापासून ती मागच्या पडवीत गोणपाटाखाली होती. उल्हासनगरच्या सिंधी कँपातला लीलाराम, जयदेव ज्याच्याकडे सायकल दुरुस्तीला न्यायचा तो, घरी येऊन तिला घेऊन गेला आणि नवी करून परत आणली. सीट खाली करू का म्हणाला. जयदेव माझ्याहून उंच. मी नको म्हटलं. त्याच्या उंचीवर बसल्यावर पाय पॅडलला जेमतेम पोचत होते, तरी नको म्हटलं. लीलारामने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचंही नाव सहलीत घातलं.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं आणि तसेच निघालो. पुढे तरुण मंडळी, छातीवर कापडी बिल्ले, मागे लीलाराम आणि मी. चिखलोलीपर्यंत छान वाटलं. थंडी होती, रस्ता ओळखीचा होता. बदलापूरला गावातल्या लोकांनी गूळ-शेंगदाणे दिले, एका बाईने जयदेवच्या फोटोला हार घातला. तो फोटो श्रीपादने आपल्या सायकलच्या हँडलला बांधला होता. मला तो सारखा समोर दिसत होता, म्हणून मी मुद्दाम मागे राहिलो. आणि उल्हास नदी ओलांडून पुढे आलो तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज आला.

माझ्या मागे कुणीतरी सायकलवर होतं. पॅडल थांबवल्यावर मागचं चाक जसं टिकटिकतं ना, तसा आवाज. मी वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. लीलाराम माझ्या बाजूला होता, आणि तो तर पॅडल मारत होता. मी पुढे पाहायला लागलो की पुन्हा टिकटिक. मी जोरात मारली की तोही जोरात यायचा, मी दमून हळू झालो की मागे रेंगाळायचा. सुनू, तुला माहीत आहे, मी या गोष्टी मानणारा नाही. गेलं वर्षभर माई संध्याकाळी दाराशी जाऊन उभी राहते, म्हणते घंटी वाजली, तेव्हा मीच तिला हाताला धरून आत आणतो. पण त्या रस्त्यावर मला भीती वाटली नाही. उलट सोबत वाटली. वांगणी गेलं, नेरळ गेलं. खडीच्या रस्त्याने तळहात सोलून निघाले, कर्जतच्या अलीकडे मांडीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेला पडलोच. लीलारामने पाय चोळून दिला आणि म्हणाला, "पंत, अब बस. आगगाडीने जाऊ परत." मी उठलो. तो मागे थांबलेला असताना मी कसा परत फिरणार? हे अर्थात मी लीलारामला सांगितलं नाही.

खोपोलीला इतरांचं जेवण आटोपून ती मंडळी घाट चढायला लागली होती. श्रीपाद आमच्यासाठी थांबला होता. त्याला म्हटलं, तू जा, आणि मला फक्त ती जागा सांग. त्याने मान खाली घालून सांगितली. वरून उतरताना डाव्या हाताचं वळण, कठड्याला भगदाड आहे ते. गेल्या वर्षी परत येताना जयदेव एकटाच मागे राहिला होता, लोणावळ्याला कुणा वाटसरूचं पंक्चर काढून देत. बाकीचे उतरून खोपोलीला त्याची वाट पाहत बसले. त्याच्या ब्रेकची तार तुटली असावी असं म्हणतात. माझ्या छातीवर वर्षभर एकच गोष्ट बसलेली आहे, तुझ्याही बसलेली असणार. तो पडला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. आपलं पोर रस्त्यावर एकटं पडून होतं.

सगळा घाट काही मी बसून चढलो नाही. थोडी चालवायची, मग उतरून ढकलायची. उन्हाने डोळ्यांपुढे काळं येत होतं. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. मालाचे ट्रक घरघरत शेजारून जायचे आणि त्या धुराळ्यातही मागचा आवाज सुटत नव्हता. मी ढकलायला लागलो की तोही उतरून ढकलतोय असं वाटे. एकदा तर मी मोठ्याने म्हणालो, "ये रे, पुढे हो. तुझी सायकल आहे." लीलाराम दचकून बघायला लागला.

मग वरच्या वळणापाशी एक ट्रक थांबलेला दिसला. ड्रायव्हर खाली उतरून नारळ फोडत होता. कठड्याला भगदाड होतं, आणि त्याच्यालगत एक दगड, शेंदूर फासलेला. पुढे उदबत्त्या, झेंडूची फुलं. मागे करवंदीची जाळी होती आणि त्या जाळीला सायकलच्या घंट्या बांधलेल्या, गंजलेल्या, नव्या, कितीतरी. वारा आला की त्यातली एखादी किणकिणायची. बाजूला एक ठाकरीण बोरांची पाटी आणि पाण्याचा माठ घेऊन बसली होती. मी सायकल टेकवून पुढे झालो तशी ती म्हणाली, "बाबा, पायतान काढा. जागा जागती हाय."

मी विचारलं, कुणाची जागा? तिच्याऐवजी ड्रायव्हरच बोलला. घाटावरचा माणूस होता. "सायकलवाल्या बाबाची. तुम्ही नवे दिसता. पावसात आमच्यातल्या एकाचा ब्रेक गेला होता, भरलेली गाडी. पुढे एक पोरगा सायकलवर दिसला, हात करून डोंगराच्या बाजूला घे म्हणाला. त्यानं घेतली, वाचला. पोरगा गायब. तेव्हापासून इथं थांबल्याबिगर कोण उतरत नाही." त्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "प्रसाद घ्या. माझ्या लेकीचा ताप यानंच उतरवला."

सुनू, मी तो तुकडा हातात धरून उभा राहिलो. काय करावं कळेना. तो खाल्ला तर काय होईल आणि टाकला तर काय होईल! ट्रक निघून गेला. मग मी त्या बाईला सांगितलं, "तो माझा मुलगा."

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे, मग सायकलकडे बघत राहिली. मी बूट काढायला वाकलो होतो, तर तिने माझा हात धरला. "नको. तुमी नका काढू. तुमी बाप." गोजरबाई तिचं नाव. तिने मला पाटीशेजारी बसवलं, पाणी दिलं, आणि मी न विचारता सांगायला लागली. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, कारण ते तुझेही आहेत. "मी हितंच व्हती. धाड्कन आवाज झाला, मी धावली. त्याचा डोसका माझे मांडीवर घेतला. पानी मागितलं, मी दिलं. माजा पदर भिजला रगतानं, मी रडाय लागली. तर मलाच म्हनला, मावशी, बोरं कशी दिली? मी म्हटलं, तुला फुकट देते, तू उठ. तर हसला. मंग निजला."

हे वाक्य त्याचंच आहे. कुणी रडायला लागलं की भलतंच काहीतरी विचारायची त्याची सवय तुला माहीत आहे. मी त्या बाईच्या पाया पडलो. ती ओरडली, पण मी पडलो. तो एकटा नव्हता, सुनू. वर्षभर आपण ज्या गोष्टीने झोपलो नाही, ती गोष्ट घडलीच नव्हती.

लीलाराम इतका वेळ कठड्यावर बसून होता. तो हळूच म्हणाला, "पंत, बँटवारे में मेरा बाप उधर सक्खर में रह गया. कुठे जाळला, जाळला की नाही, काही माहीत नाही. तुमच्या पोराला तर लोक थांबून हात जोडतात." तो मला धीर देत होता आणि त्याचं खरंही होतं. पण मी त्या दगडाकडे बघत होतो आणि मला धीर येत नव्हता. जयदेव बावीस वर्षांचा होता. रविवारी घरात अर्धा तास टिकायचा नाही. त्याला या लोकांनी वळणावर बसवून ठेवलं होतं. कुणाचा ब्रेक, कुणाची तापलेली लेक, कुणाचा हरवलेला बैल. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे काहीतरी मागत होता. चांगली माणसं आहेत, प्रेमाने मागतात. पण या हाका थांबल्या तरच पोर खेळायला जाणार ना?

आम्ही निघालो. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मागचा आवाज थांबला आहे. मी पॅडल सोडून पाहिलं, उभा राहून ऐकलं. काही नाही. बदलापूरपासून माझ्याबरोबर आलेला तो त्या वळणाशीच राहिला होता. मी सायकल उलटी वळवली. लीलारामने हँडल धरलं. मी त्याला ढकललं, काय काय बोललो ते आठवत नाही. तो हलला नाही. "ऊपर चलो, पंत. वहाँ आपके लोग राह देख रहे हैं." मी रस्त्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. स्मशानातही रडलो नव्हतो. मग उठलो. खंडाळ्यापर्यंतचा राहिलेला चढ मी कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, त्या चढावर मी पहिल्यांदा खरोखर एकटा होतो आणि पाय माझेच होते. वर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. श्रीपादने माझ्या गळ्यात हार घातला, मी तो काढून फोटोला घातला.

घरी आल्यावर माईने फक्त एवढंच विचारलं, "जागा पाहिलीत?" मी म्हटलं, पाहिली. गोजरबाईचं सगळं सांगितलं. ती रात्रभर बोरांचंच बोलत होती, हसत होती, रडत होती. शेंदराचं आणि घंट्यांचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर ती तिथे जाऊन बसेल आणि परत यायची नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. मुलगा झाला तर नाव जयदेव ठेवायचं असं तुम्ही दोघांनी ठरवलंत, आणि आण्णा, तुमची परवानगी हवी असं लिहिलंस. माईला ते पत्र पाठ झालं आहे. ती शेजारीपाजारी सांगते, माझा जयू येतोय. म्हणून तू बाळंतपणाला इथे येण्याआधीच हे लिहितो आहे. तू समोर आलीस, माई बाजूला बसली, की मला हे बोलता येणार नाही. नको, बाळ. ते नाव ठेवू नकोस. माईची समजूत मी घालीन, तो माझा भाग, त्यात तू वाईट होऊ नकोस. त्या एका नावावर आधीच फार माणसं हात ठेवून उभी आहेत, एवढंसं पोर ते कसं उचलेल? त्याला किंवा तिला कोरं नाव दे, या घरात कुणाचंच नसलेलं. मला त्याला अंगणात पाठवायचं आहे, सायकल शिकवायची आहे, लांब गेलं की मोठ्याने हाक मारायची आहे. आणि मी हाक मारली की फक्त त्यानेच वळून बघायला हवं.

तुझेच,
आण्णा