सरदाराचा टाक

१२ ऑगस्ट २००६, नोव्हाय, अमेरिका
"दोनच वर्षं गं, मग परत." भारत सोडताना कुमार विमानतळावर हे म्हणाला, त्याला वीस वर्षं झाली.
आज त्याने लिलावात मोहर जिंकली! शिशाची, रुपयाएवढी, काळीठिक्कर. कुणी नॉर्मन सरदार आपला फ्रान्स सोडून ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन बादशहाच्या पदरी राहिला, तो आपल्या पत्रांना ती लटकवायचा. एका बाजूला भालेवाला संत, दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये नाव आणि बादशहाने बहाल केलेला हुद्दा.
"हजार वर्षांपूर्वीचा एच-वन व्हिसावाला!" कुमार खूश.
"हाही दोन वर्षांसाठीच आला असेल," मी म्हटलं. हसला नाही.

१९ ऑगस्ट
मोहर देवघरात! ऑफिसात डायरेक्टरपदाचं चाललंय, म्हणून "शुभ असतं". संत गणपतीशेजारी. दोघंही बिचारे गप्प.
येईल त्याला दाखवतो. त्याचा मित्र विक्रम म्हणाला, "यार, याला स्वतःची भाषा नव्हती?"
"जिथे सर्व्हिस, तिथली भाषा."
अदिती जिन्यावरून — "डॅड, यू सेड दॅट लास्ट वीक."

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. मालिनीकाकू मदतीला आल्या. रिटायर्ड डॉक्टर, चाळीस वर्षं इथे, पण चिंच घरून आणतात! देवाची उपकरणी लखलखीत केली. आणि —
"टाक फार काळा पडला होता हो तुमचा. कुठल्या देवाचा?"
चिंच, मीठ, वर तारेची घासणी. संताचा चेहरा गेला. उलटून पाहिलं. नाव सपाट, खाली हुद्दा तेवढा शिल्लक!
मला हसू आवरेना. कुमार "काकू, इट्स ओके" म्हणाला आणि गराजमध्ये जाऊन उभा राहिला.

२७ ऑगस्ट
आरतीत त्याचा आवाज नव्हता.

२ सप्टेंबर
"पुण्याचं ऑफिस देतायत. डायरेक्टर नाही, आहे तेच पद. हो म्हणून आलो. जानेवारीत निघायचं." मोहर तळहातावर. "निदान नाव तरी राहील."
वीस वर्षं मी हेच मागत होते. दर दिवाळीला, रडून. आणि आज? नळ सोडून नुसती उभी. इथल्या लायब्ररीतली माझी खिडकीजवळची खुर्ची आठवली. पुण्यात फोन करावा असं कोण उरलंय, ते आठवेना.
सरदाराला हसत होते मी!

४ सप्टेंबर
उद्या अदितीची अकरावी सुरू. तिची शाळा संपेपर्यंत इथेच राहू, असं निमित्त तिचंच सांगेन. नाहीच म्हणणार तो. तरी जेवणं झाली की विचारणार आहे — दोनच वर्षं रे, मग परत?