पिठाचा खोकला

३ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते: आशीर्वाद. खुशाली मी विचारत नाही, तूही विचारू नकोस. सहा वर्षांनी पत्र लिहितेय ते काही प्रेमाचं भरतं आलं म्हणून नव्हे. काम आहे. फोनवर आपण दोघी एका मिनिटाच्या वर कधी टिकलो नाही, आणि मला उत्तर कागदावर हवंय.

माझा डावा डोळा गेल्यात जमा आहे. पाच महिन्यांपूर्वी सुरू झालं. लाँड्रीच्या मागच्या खिडकीशी बसून रफू करताना कापडावर माशी बसल्यासारखी वाटायची. हाकलायला जावं तर माशी नाहीच. मग डोळा लाल, उजेड सोसेना, सगळीकडे धुरकट. गल्लीतल्या डॉक्टरने थेंब दिले, मग सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. आठवड्यात डोळा लख्ख! म्हटलं, सुटले. गोळ्या कमी केल्या आणि दुखणं दुपटीने उलटलं. आता समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास आत पाहिलं. पडद्यामागे पिवळट गाठ आहे म्हणाल्या, क्षयाची असू शकते. तुझे भाऊजी हसलेच. म्हणाले, हिला साधा खोकला नाही, क्षय कुठून? छातीचा फोटोही स्वच्छ आला. पण बाई म्हणाल्या, जंतू रक्तातून डोळ्यात जाऊन बसतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, त्याला खोकला लागत नाही. हातावर सुई टोचून चाचणी केली तर बोटभर टेंगूळ आलं. डोळ्यातला तुकडा काढून तपासणं सोपं नाही, म्हणून बाकीचा पुरावा जुळवावा लागतो. असंच दिसणारे दुसरेही आजार असतात, आणि औषध नऊ महिन्यांचं, जड.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला क्षय होता का. मी ठणकावून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, माहेरी विचारा. माहेर म्हणजे आता तू एकटी. तर सांग, अण्णांना शेवटी नक्की काय झालं होतं? एका ओळीचं उत्तर पुरे, भाषण नको.

लोभ होता तेव्हा होता. उत्तर मात्र असावं.

ताई

---

९ मार्च

ती. ताईस,

शिरसाष्टांग वगैरे. तुझ्या डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. पण पत्राचा सूर वाचून ते तितकंसं टिकलं नाही.

सहा वर्षांनी तुला अण्णांचा आजार आठवला! ते अंथरुणाला खिळले तेव्हा तुला लाँड्रीतून सुट्टी मिळत नव्हती. आता तुझ्या डोळ्यात गेलं तेव्हा माहेर आठवलं. गरज सरो, वैद्य मरो हे ऐकलं होतं. तुझं उलटंच, वैद्याने विचारलं म्हणून बहीण जिवंत झाली.

अण्णांना पिठाचा खोकला होता. तीस वर्षं बेकरीत मैदा चाळला, भट्टीपुढे उभे राहिले, छाती पिठाने भरली. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दुसरं काही नव्हतं. क्षय शोधायचा तर तुझ्या लाँड्रीत शोध, तिथे शंभर घरांचे कोट येतात.

उत्तर एका ओळीत मागितलंस, दिलं. डोळ्यांना जप. तुझी मर्जी नसली तरी बहीण,

धाकटी

---

१५ मार्च

धाकटे,

मायना लिहायला आज हात वळत नाही.

तुझं उत्तर मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आणखी तपासण्या करू, दुसरी कारणं आधी खोडून काढू. रक्त दिलं, पुन्हा दिलं. परवा सकाळी उठले तर उजव्या डोळ्यातही माशी. कळतंय का तुला? उजव्याही. या डोळ्यावर माझं पोट आहे. सिगारेटने जळालेला कोट मी असा भरते की मालकाला भोक कुठे होतं ते सापडत नाही. आता टाका कुठे पडतो ते मलाच सापडेना.

अंधारात पडून राहायला सांगितलंय, म्हणून आठवत बसते. अण्णा गेल्यावर मी दोन दिवस आले होते. बेकरीच्या मागे तू त्यांची गादी जाळत होतीस. मी विचारलं, चांगली गादी का जाळतेस, तर ढेकूण झाले म्हणालीस. त्यांच्या कपाला आणि ताटलीला कुणाला हात लावू दिला नाहीस. आणि फडताळात लाल गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. आज सकाळी बाईंनी तशीच पट्टी टेबलावर ठेवली. पिठाच्या खोकल्याला ही गोळी देतात का, विचारलं. नाही म्हणाल्या.

मी त्यांच्या खोलीत दोन महिने झोपले होते. तुझ्या भाऊजींची बदली झाली होती आणि मला राहायला घर नव्हतं, आठवतंय? त्यांच्या खाटेला खाट लावून. खिडकी बंद, कारण त्यांना थंडी वाजायची.

चोराच्या उलट्या बोंबा पुरे झाल्या. हो की नाही, तेवढं लिही. नुसत्या पट्टीच्या आठवणीवर बाई औषध सुरू करायला तयार नाहीत, घरच्या माणसाकडून लेखी आणा म्हणतात. बावीस तारखेला मला बोलावलंय.

ताई

---

१८ मार्च

ती. ताईस,

हो.

थुंकी तपासली होती, क्षय पक्का होता. गोळ्या सुरू केल्या तेव्हा फार उशीर झाला होता. शपथ अण्णांनी घातली. बेकरीवाल्याला क्षय म्हटल्यावर कोण त्याच्या हातचा पाव घेणार? दुकान एका दिवसात बसलं असतं. म्हणून पिठाचा खोकला. पण गल्लीपासून लपवायचं होतं, तुझ्यापासून नव्हे.

तुला मी कळवलं होतं. सोबतचं पाकीट बघ. शिक्का वाच: घेण्यास नकार. त्याआधीची तीन पत्रं तू घेतलीस, चौथं पोस्टमनच्या हातात परत कोंबलंस. मी टपाल कचेरीत छाटणीला, गावागावांची पत्रं वेगळी करायला, बसते हे तू विसरली नसशीलच. ते पाकीट फिरून माझ्याच टेबलावर आलं. चौघांनी शिक्का पाहिला, एकीने मोठ्याने वाचला. बहिणीने नाकारलं का गं, असं विचारून वर हसली. मी ते पेटीत टाकलं आणि ठरवलं, आता मेले तरी हिला लिहायचं नाही.

तेव्हापासून ते बंदच आहे. आत काय आहे ते मला पाठ आहे.

नऊ तारखेला मी खोटं लिहिलं. कारण 'हो' लिहिलं असतं तर तुझा पुढचा प्रश्न ठरलेला होता: तू इथे आली होतीस तेव्हा तोंडावर का नाही सांगितलं. राग होता, एवढंच. तू पाहुणीसारखी आलीस, कोरड्या डोळ्यांनी बसलीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी मनात म्हटलं, हिला वाचायचं नव्हतं ना, मग राहू दे. तुझ्या डोळ्यापर्यंत गोष्ट जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी दीड वर्ष त्यांची थुंकी धुतली, मला काही झालं नाही. म्हटलं, दोन महिन्यांत हिला काय होणार.

माफी मागत नाही. मागितली तर तू त्यातही खोट काढशील. रजिस्टरने पाठवतेय, वीसला मिळेल. या वेळी घे.

धाकटी

---

(सोबतचं पाकीट, सहा वर्षांपूर्वीचं)

११ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार तुला पचणार नाही, तरी करते. तुझ्यासारखी लेक शत्रूलाही होऊ नये. अण्णा दारात पाऊल वाजलं की मान वळवतात, त्यांना वाटतं तू आलीस. येतो तो दूधवाला. तुला काय त्याचं! लोकांची भोकं भरता भरता स्वतःच्या घराला पडलेलं भोक तुला दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र पुढे. डॉक्टर बदल, हवा बदल, दूध वाढव. इथे येऊन एक दिवस त्यांना पाठीवर थोपट, मग शिकव. दोन महिने राहिलीस, आयतं खाल्लंस, आणि भाऊजींचा निरोप आल्याबरोबर गाठोडं उचलून चालती झालीस. त्या दिवसापासून ते जेवलेले नाहीत. हे पाप कुणाच्या माथी, तूच सांग.

अजून पानभर लिहीन, पण ते हाक मारताहेत.

ता. क. अण्णांना क्षय निघाला. कुणाला बोलू नकोस. डॉक्टर म्हणाले, घरात राहिलेल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. तू त्यांच्या खोलीत झोपलीस, तेव्हा जाऊन तपासून घे. मी सवड मिळाली की जाईन.

धाकटी

---

३० जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तीन महिने लिहिलं नाही. डोळ्यांचं निमित्त होतं, पण खरं कारण राग, आणि तो अजून उतरलेला नाही.

तुझं जुनं पत्र मला वाचता येईना. तुझ्या भाऊजींनी ते डॉक्टरीणबाईंसमोर मोठ्याने वाचलं, अगदी शेळ्यांसकट. 'आयतं खाल्लंस' तेवढं त्यांनी हळू वाचलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. ता. क. आल्यावर त्यांनी हात वर केला, तेवढंच पुन्हा वाचा म्हणाल्या, आणि त्याच दिवशी औषध सुरू केलं. सूज उतरायच्या गोळ्याही चालू आहेत, पण आता क्षयाच्या औषधाच्या जोडीला. त्या गोळ्यांनी अंगाची जंतूशी लढायची ताकद दबते; आधी नुसत्या त्याच दिल्या, म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडं ठेवल्यासारखं झालं, असं त्या म्हणाल्या.

उजवा डोळा वाचला. दोन आठवड्यांत माशी गेली. एका गोळीने रंगांचा घोळ होऊ शकतो म्हणून दर महिन्याला रंगांची पाटी दाखवतात. घरी मी रिळं ओळखून माझी मीच परीक्षा घेते, अजून नापास नाही. डाव्याच्या मधोमध मात्र डाग पडला, तो जन्माचा. एका डोळ्याने सुईपुढे दोरा आहे की सुईमागे, ते कळत नाही. रफू संपलं. लाँड्रीवाल्याने मला पुढे पावत्या द्यायला बसवलंय. माझं काम आता दुसरी करते, आणि ते मला लांबून दिसतं: भोकं दिसतात.

तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. आता माझं ऐक. पाकीट मी परत केलं, ती चूक माझी. आणि खरं सांगते, घेतलं असतं तरी तिसऱ्या ओळीला टराटरा फाडलं असतं, ता. क.पर्यंत पोचलेच नसते. एवढी मोठी गोष्ट तू शिव्यांच्या खाली ठेवलीस. पण ते दोन दिवस? तू माझ्यासमोर उभी राहून गादी जाळत होतीस आणि मला ढेकूण सांगत होतीस. ते तुझं. त्यातलं तसूभरही मी वाटून घेणार नाही, आणि माफही करणार नाही. मी कोरड्या डोळ्यांनी बसले होते म्हणतेस. मी बोलले असते तर फुटले असते, आणि तुझ्यापुढे मला फुटायचं नव्हतं.

परवा बाईंनी विचारलं, वडिलांची सेवा कुणी केली. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तिला तपासलं का. मी नाही म्हटलं, कारण मला ठाऊक आहे तुझी सवड. सहा वर्षांत ती तुला मिळालेली नाही. मला काही झालं नाही म्हणून मिरवतेस? मलाही सहा वर्षं काही झालं नव्हतं.

तेव्हा हे शेवटचं पाकीट. येत्या सोमवारपासून दर सोमवारी तुला माझं उघडं कार्ड येईल. त्यावर लिहिलेलं असेल: धाकटे, आपल्या अण्णांना क्षय होता, तू छातीचा फोटो काढलास का, हाताची चाचणी केलीस का, डोळे दाखवलेस का. अक्षर मोठं असेल, मला आता तसंच लिहिता येतं. कार्ड तू खुशाल नाकार. तुझ्या टेबलापर्यंत पोचेतो सगळ्या छाटणीने ते वाचलेलं असेल. तपासणीचे कागद माझ्या हातात पडेपर्यंत कार्डं थांबणार नाहीत.

लोभ वाढवायची घाई नाही. आधी जिवंत राहा.

ताई