लाल दरवाजातून आलेलं नाणं

विश्रामबाग, सांगली. रविवार, १२ एप्रिल.

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत, माफ करा. रोजच्या वहीत नासलेलं दूधसुद्धा नोंदवते, तुम्हाला मात्र टाळत आले. आज लिहिते आहे ते तुमच्या नातीमुळे. दीड वर्ष दुबईत नोकरी करून ती आज सुट्टीवर घरी येते आहे, आणि स्वतःच्या कमाईतून माझ्यासाठी सोनं आणते आहे. बांगडी नाही, नाणं. दोष तुमचा. विट्याचे गलाईवाले तुम्ही, सगळा जन्म सोनं वितळवण्यात गेला. "दागिन्याच्या सांध्याला हिणकस धातूचा डाग लावला की कस उतरला. घ्यायचं तर चोख घ्यावं," हे तिला इतकं ऐकवलंत की तिनं चोखच घेतलं. विमानतळावरचा नियम नेमका उलटा. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंत दागिने बिनशुल्क आणता येतात, नाण्याला ती सवलत नाही. ते लाल दरवाजातून जाऊन दाखवायचं, शुल्क भरायचं. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, त्यानं हिरव्यातून यायचं. तिनं गुरुवारी विचारलं तेव्हा मी नियम दोनदा वाचून हे तिला नीट समजावलं होतं.

काल तुमचा मुलगा आला आणि हसायलाच लागला. "ताई, लय इचार करतीस बग. रुमालात गुंडाळ म्हणावं आन् हिरव्यातनं सरळ ये. येवढ्याशा नाण्याला कोण इचारतंय?" तेव्हा मीही हसले. पण आज सकाळी, तिचं विमान हवेत असताना, वर्दीतल्या माणसांपुढे एकटी उभी असलेली ती डोळ्यांसमोर आली. नाणं ठेवून घेतलं तर? मी फोनवर लिहून पाठवलं, "मामा म्हणतो, रुमालात गुंडाळून हिरव्यातून ये. तसंच कर."

पाठवलं आणि तुमचं मदुराईचं दुकान आठवलं. मी नऊ वर्षांची, मे महिन्याची सुट्टी. गिऱ्हाइकाला भट्टीशेजारी बसवल्याशिवाय तुम्ही सोनं वितळवायची मूस तापवत नाही. त्याचं काम होऊन तो गेलेला असतो, आणि मला फरशीच्या फटीत मोहरीएवढा पिवळा मणी सापडतो. मी तो कंपासपेटीत टाकते. संध्याकाळी तुम्हाला तो दिसतो. तुम्ही ओरडत नाही, मारत नाही. "सांगितलं का न्हाईस?" एवढंच विचारता, आणि माझा हात धरून चार गल्ल्या पलीकडे त्या माणसाच्या दारात नेता. मणी माझ्याच हातानं द्यायला लावता. येताना उसाचा रस पाजता.

दुपारी पोरीनं शिरवळहून फोन केला. पुण्याहून निघालेली गाडी चहाला थांबली होती. "आई, लालमधून आले. त्या रांगेत मी एकटीच! साहेब म्हणाले, बांगडी घेतली असती तर सुटली असती की, नाणं कशाला? म्हटलं, आमचे आबा गलाईवाले, डाग नको म्हणायचे. तर ते म्हणतात, विट्याच्या का? मग बरोबर!" ती इतकी हसत होती की चहा सांडला असावा. शुल्क भरलं, पावती घेतली, नाणं तिच्याकडेच आहे. माझ्या निरोपाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. विमानातून उतरल्यावर तिनं तो वाचलेला मला फोनवर दिसला होता.

आता ती सातारा मागे टाकून कऱ्हाडच्या जवळ आली असेल. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! जे तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत, ते ती एकटीनं करून आली, तेही आईचं न ऐकता. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून कबूल करते: फोन ठेवल्यावर मी तो निरोप पुसून टाकला. वाचून झालेला निरोप पुसून काय मिळवलं, कोण जाणे.

उद्या: सकाळच्या चहाला त्या निरोपाचा विषय मीच काढायचा.