आजोबांच्या दगडावरची माती

ती. सौ. वहिनींना दुरून साष्टांग नमस्कार.

पार्सल मिळालं. वाती, दोन परकर आणि आईने दिलेली अंगणातल्या मातीची डबी, सगळं शाबूत आहे. जकात भरून सोडवायला आठवड्याच्या दुधाएवढे पैसे पडले, पण असू दे.

आईला सांगा, काल ह्यांना सुट्टी होती, तेव्हा लढाईत इकडे परमुलखात पडलेल्या आपल्या शिपायांच्या कबरस्तानात जाऊन आले. तिच्या वडिलांचं नाव दगडावर स्वच्छ वाचता येतं. देवाचं नाव घेऊन माती वाहिली. तिचा गुडघा कसा आहे?

वहिनी, इथून पुढचं आईला वाचून दाखवू नका. परत निघाले तर चार ओळी सोडून तेच नाव, तेच आडनाव, तीच पलटण! फक्त फौजेतला नंबर वेगळा. तिथल्या माळीबुवांना विचारलं, आमचे कोणते? ते म्हणाले, "बाई, नंबर घेतल्याशिवाय कुणी येतं का?" घरातली सुतळीसुद्धा लिहून ठेवणारी मी, आणि हेच विसरले. जपाला बसलं तरी ते दोन दगडच डोळ्यांपुढे येतात.

आईच्या ट्रंकेतल्या लढाईच्या पदकाच्या कडेवर आजोबांचा नंबर कोरलेला आहे. आईच्या नकळत बघा. काटकसरीच्या सवयीने मी चिमूटभर माती डबीत राखली होती. चूक झाली असेल तर तेवढी दुसऱ्या दगडावर वाहीन. पहिल्यावरची मात्र काढणार नाही. त्या बिचाऱ्याकडे तरी आजवर कोण आलं असेल?

नंबर उलट टपाली कळवा.

तुमची धाकटी नणंद