ओळख सांगताना घेतलेली तिहाई

चाचा, तुमच्या तबल्याच्या दुकानाच्या जागी आता क्लासवाल्यांची तीन मजली अभ्यासिका उभी आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एक गंमत मात्र तुम्हाला सांगायची राहूनच गेली.

भूकंपात आमचं घर पडलं, माणसं वाचली, पण माझं बोलणं अडखळायला लागलं. आम्ही लातूरला मामाकडे आलो. आईनं अंगारे-धुपारे केले, डॉक्टरांनी टॉनिक दिलं, गुण काही आला नाही. तुमच्या दुकानात कुणी काही विचारत नसे म्हणून मी तिथं येऊन बसायचो. तुम्ही तबला मांडीवर घेऊन हातोडीनं गट्टे ठोकत सूर लावताय, मी नाव सांगायला जातो आणि पहिल्याच अक्षरावर अडकतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "जबान अटकती तर अटकू दे ना बेटा. आधी बोल म्हण, मग बजाव." धा धिं धिं धा, हे तबल्याचे बोल माझ्या तोंडून सरळ बाहेर पडले, आणि मला रडूच कोसळलं. "रो मत, लय तुटती," तुम्ही दटावलंत.

माझ्या वडिलांना, अण्णांना, मी इंजिनिअर व्हायला हवा होतो. क्लासमध्ये सर उभं करून उत्तर विचारायचे. उत्तर येत असूनही मी "येत नाही" म्हणायचो, कारण ते दोन शब्द पटकन निघायचे. सर म्हणायचे, "लई हुशार दिसतो, पण डोक्यात दगड हायेत." इंजिनिअरिंगला नंबर लागला तरी मला जायला नको वाटत होतं, कारण कॉलेजात ओळख करून द्यावी लागते, असं ऐकलं होतं.

तेच झालं. नांदेडच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी प्रत्येकाला फळ्यापुढे बोलावलं. मी खिशात हात घातला आणि अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर तुम्ही शिकवलेला तीनताल धरला. नाव, गाव, लातूर, आवड, सगळं लयीत वाहत गेलं. पण बोलणं तालाच्या आवर्तनाच्या मध्येच संपलं! समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्याशिवाय जागेवर बसायचं कसं? "तबला वाजवतो, तबला वाजवतो, तबला वाजवतो," अशी चक्क तिहाई घेतली आणि समेवर थांबलो. सगळा वर्ग हसत सुटला. सर म्हणाले, "अरे हाव, कळलं बाबा, वाजव!" आणि चाचा, मीही पोट धरून हसत होतो. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

हे तुम्हाला सांगायला दिवाळीत धावत आलो, तर दुकानाला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "चाचा तो गए, बेटा." मग मी लायब्ररीत यंत्रांची पुस्तकं सोडून मेंदूची पुस्तकं धुंडाळायला लागलो. बोलताना अडणारा माणूस तालात का अडत नाही, याचा छडा लावायचा होता. तो नाद अजून सुटलेला नाही. पुस्तकं म्हणतात, लयीत बोलताना मेंदू बहुधा दुसरी वाट धरतो, पण नक्की कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही पुस्तक न उघडता मला त्या वाटेला लावलंत, याचं आजही हसू येतं, आणि जीव भरून येतो.

हे पत्र टाकणार कुठं, आणि तुम्हाला मराठी वाचता तरी कुठं यायचं? म्हणून आत्ता खोलीत बसून मोठ्यानं वाचलं. एक कबूल करतो. माझं अडखळणं पार गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. ते गेलेलं नाही. 'भूकंप' या शब्दावर आजही अडकलो. बोटं हलवली नाहीत. थांबलो, आणि शब्द आला.