नंबर गेला, पण गेला नाही

ती. ताईस,

धाकट्याचा शि. सा. नमस्कार. तुझी कंबर आता वाकताना कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

लेकीने माझा चष्मा लेसरने घालवायचं मनावर घेतलंय. (चष्म्याच्या फ्रेमी दुरुस्त करून घर चालवणाऱ्याचाच चष्मा! न्हाव्याने टक्कल करून दुकानात बसावं तसं.) मी कोणाच्या हाताखाली न शिकलेला माणूस, ऐकीव गोष्टींवर विसंबत नाही. सगळं वाचून काढलं. डोळे कोरडे पडू शकतात. (ही म्हणाली, "तुमच्या डोळ्यांत पाणी होतं कधी?") रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. तेही सोसेन. खरी मेख पुढेच आहे. आज मी चष्मा कपाळावर ढकलून तिळाएवढा स्क्रू नुसत्या डोळ्यांनी बसवतो. लांबचं सुधारलं की या वयात नेमकं हेच जातं, आणि जवळच्या कामाला चष्मा लागतो. म्हणजे रस्त्यावरचा उतरवायचा आणि दुकानातला चढवायचा! ताई, माझं पोट जवळच्या नजरेवर आहे. लांबचं बघून मला काय करायचंय?

तरी लेकीच्या शब्दाखातर तपासणीला गेलो. तिथे थेंब घालून डोळे मिटून बसवलं, तर माझा डोळाच लागला. जाग आली ती खिडकीतल्या बाईच्या ओरडण्याने, "काका, तुमचा नंबर गेला!" मी थक्क. लेसरशिवाय? नुसत्या थेंबांनी? तिचे तोंडभर आभार मानले, चष्मा खिशात टाकला आणि ऐटीत निघालो तो थेट काचेच्या दारावर. (दाराला "माफ करा" म्हणालो. संस्कार.) मागून बाई म्हणते, "अहो, रांगेतला नंबर!" लेक अजून हसतेय.

तुझा,
धाकटा

ता. क. मी घाबरलेलो नाही. पण तू मोठी. "माझ्या भावाच्या डोळ्यांना हात लावायचा नाही" असं तू लेकीला दटावलंस, तर तुझा शब्द मोडणारा मी कोण?

ता. ता. क. पाकीट चिकटवताना लेक म्हणाली, ही कल्पना मुळात आत्याची. धन्य आहेस! आता तुझं तूच निस्तर. ये आणि तिला समजाव. एवढं करून मला आत न्यायची वेळ आलीच, तर हिला दवाखान्याचा वास सोसत नाही, हिचा हात धर. ही बघत नसेल तेव्हा माझाही.