चाळीस दिवस आधीचा आवाज

अमडापूर. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दिवेलागण झाल्यावर.

महिनाभर संध्याकाळी मी शेंगा फोडत बसायचो आणि माझी लेक सुमन एक इंग्रजी पुस्तक मला मराठीतून सांगायची. ज्यू घरातली सतरा वर्षांची पोरगी आणि तिच्या शेजारचा मुलगा. त्यांच्या धर्मात म्हणे, बाळ जन्मायच्या चाळीस दिवस आधी आकाशातून आवाज येतो: अमक्याची लेक अमक्याला. मी मान हलवली होती. "खरं हाय बेटा. गाठी वरूनच येतात."

आज चिखलीच्या पाहुण्यांना होकार कळवायचा होता. फोन हातात घेतला, तर सुमन म्हणाली, "बाबा, माह्यासाठी दुसऱ्याचं नाव पुकारलं होतं. लोणारचा हाय. तुम्हीच तं म्हणले होते, खरं हाय म्हणून."

म्हणजे ती मला गोष्ट सांगत नव्हती, शब्दात बांधून घेत होती? सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? असतोही कदाचित. पण महिनाभराच्या त्या सगळ्या संध्याकाळी मला माझ्या वाटत होत्या.

मान मी खोटी हलवली नव्हती, तीच अडचण आहे. फोन केला नाही.

पुस्तक कोनाड्यात आहे. शेवटची दहा-बारा पानं राहिली आहेत. आज ती सांगायला बसली नाही. तिचं काम झालं. मला इंग्रजी येत नाही.